ब्रिस्टल येथील एक मूषकाश्रम

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून पश्चिमेकडे निघालेली आगगाडी सुमारें पावणेदोन तासांत ब्रिस्टल शहरीं पोंचते. हा लोहमार्ग १८४१ सालीं पुरा झाला, व तो बांधणारा ब्रुनेल हाच या शहराचा विश्वकर्मा म्हटला पाहिजे. एव्हन नदीच्या खोल दरीवर टांगलेला क्लिफ्टनचा झुलता पूल त्यानेंच आंखला; परंतु १८६४ सालीं तो रहदारीस खुला झाला, तेव्हां त्याच्या कर्त्यास निवर्तून पांच वर्षें लोटलीं होतीं. शहराच्या ऐन मध्यांत, भरती-ओहोटीपासून अडवून धरलेल्या पाण्याची १८०९ सालची गोदी आहे. हिंदी प्रवाशास मात्र सर्वांत ओढ लावणारें स्थळ म्हणजे आर्नोज व्हेल नामक स्मशानभूमींतील राजा राममोहन राय यांची समाधि. राजे २७ सप्टेंबर १८३३ रोजीं याच शहरीं दिवंगत झाले. पुढें दहा वर्षांनीं द्वारकानाथ ठाकुरांनीं त्यांचा देह या भूमींत आणविला व त्यावर छत्री उभारविली. विलायतेच्या पावसांत भिजत उभी असलेली ती स्वदेशी घाटाची छत्री पाहून मन कांहीं काळ स्तब्ध होतें.

या प्रसिद्ध स्थळांचीं वर्णनें पुष्कळांनीं केलीं आहेत. आज आम्ही ज्या स्थळाविषयीं लिहिणार आहों, तें कोणत्याहि मार्गदर्शक पुस्तकांत सांपडावयाचें नाहीं. आमच्या भाचीच्या घराच्या माडीवरील ती एक लहानशी खोली आहे. तेथें वृद्ध, आजारी आणि लोकांनीं टाकून दिलेल्या उंदरांची शुश्रूषा चालते. वाचकांनीं 'उंदरांची' हा मुद्रणदोष समजूं नये.

महाराष्ट्रांतील जुन्या घरांतून या प्राण्याची ओळख दोन नात्यांनीं असते. एक उंदीर गणपतीच्या पायाशीं मोदकाकडे टक लावून बसलेला. दुसरा फडताळांतील डब्यांचा, धान्याच्या पोत्यांचा आणि पोथ्यांचा वैरी. संस्कृतांतील 'मूषक' हें त्याचें नांवच 'मुष्' म्हणजे चोरणें या धातूशीं जोडलेलें आहे. लॅटिन 'मूस' व इंग्रजी 'माउस' हे शब्दहि त्याच कुळांतले. तिसरी एक आठवण याहून दारुण आहे. १८९६ सालीं मुंबईंत व पुढील वर्षीं पुण्यांत प्लेग शिरला. घरांत उंदीर पडला कीं चूल विझवावी, दाराला कुलूप लावावें आणि मुलेंबाळें घेऊन गांवाबाहेर झोपडींत राहावयास जावें, ही गोष्ट आमच्या पिढीनें आजीच्या तोंडून ऐकलेली आहे.

ब्रिस्टललाहि ही आठवण नवी नाहीं. १३४८ सालीं इंग्लंडांत 'काळा मृत्यु' अवतरला, तेव्हां त्याच्या तडाख्यांत प्रथम सांपडलेल्या मोठ्या शहरांत हें बंदर होतें. प्लेग पसरतो तो उंदराच्या अंगावरील पिसवांमुळें, हें पॉल लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचींत केलेल्या प्रयोगावरून दाखवून दिलें. म्हणजे ज्याच्या मरणानें आपलीं गांवें ओस पडत, तो उंदीर त्या रोगाचा पहिला बळी होता. शिवाय आपल्याकडील त्या साथींत मुख्यतः नांव येतें तें काळ्या घरउंदराचें. पाळण्यांत असलेला उंदीर हा अठराव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत पोंचलेल्या तपकिरी जातीचा वंशज आहे.

पाळीव उंदराचा बराचसा इतिहास याच देशांत घडला. राणी व्हिक्टोरियाच्या काळीं लंडनच्या गुत्त्यांतून, हौदांत शेंकडों उंदीर सोडून त्यांवर कुत्रा घालण्याचा व तो किती वेळांत किती मारतो यावर पैजा लावण्याचा क्रूर खेळ चाले. स्वतःस राणीसरकारचा मूषकनाशक म्हणविणारा जॅक ब्लॅक नांवाचा इसम त्या वेळीं प्रसिद्ध होता. पकडलेल्या उंदरांत एखादा पांढरा अगर चित्रविचित्र रंगाचा आढळला, तर तो त्यास मारीत नसे. त्याची पैदास करून हौशी लोकांस विकीत असे. सशांच्या गोष्टींनीं नांवारूपास आलेल्या बिआट्रिक्स पॉटर या लेखिकेनें सॅमी नांवाचा उंदीर पाळला होता, व १९०८ सालीं निघालेलें उंदरांच्या गोष्टीचें एक पुस्तक तिनें त्याच्याच स्मृतीस अर्पण केलें. १९०१ सालीं मेरी डग्लस या बाईंच्या खटपटीनें एल्सबरी येथील प्रदर्शनांत उंदरांस प्रथम स्थान मिळालें, आणि १९७६ सालीं त्यांच्या शोकिनांची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था निघाली.

याचा अर्थ इंग्रज लोक उंदराची पूजा करतात असा नव्हे. गटारांतील व कोठारांतील उंदीर तेथेंहि मारले जातात. परंतु २००६ सालच्या प्राणिकल्याण कायद्यानें, पाळलेला प्राणी घोडा असो वा उंदीर असो, त्यास वेदना व रोग यांपासून जपणें हें पाळणाऱ्याचें कर्तव्य ठरविलें आहे. चिकट पट्टीवर उंदीर पकडण्याची सामान्य माणसास असलेली मोकळीकहि इंग्लंडांत ३१ जुलै २०२४ पासून बंद झाली.

आतां त्या खोलीकडे वळूं. आम्ही गेलों तेव्हां तेथें चार उंदीर होते. भाचीच्या बारा वर्षांच्या मुलीनें त्यांस महाराष्ट्रांतील नद्यांचीं नांवें दिलीं होतीं: गोदा, भीमा आणि कृष्णा. चौथा नर निघाल्यामुळें नांवाची अडचण पडली. तेव्हां आपल्याकडे शोण हा नदी नसून नद मानला जातो, असें आम्हीं सुचविलें आणि 'शोण' हें नांव कायम झालें. चौघेहि निराधार प्राण्यांच्या एका आश्रयस्थानांतून आणलेले. उंदरिणीची गर्भावस्था एकवीस ते तेवीस दिवसांची असते. त्यामुळें नर व मादी निष्काळजीपणें एकत्र ठेवणाऱ्याचें घर थोड्याच महिन्यांत भरून जातें, व मग ते खोक्यांत घालून कोठें तरी सोडले जातात. लहान पिलांस घर मिळतें. म्हाताऱ्यांस कोणी विचारीत नाहीं. उंदराचें आयुष्यच मुळीं दोन-तीन वर्षांचें. दीड-दोन वर्षांचा उंदीर घरीं आणणें म्हणजे त्याचा शेवट पाहण्याची तयारी ठेवूनच आणणें होय.

खोलींतील सर्व व्यवस्था वार्धक्यास अनुलक्षून केलेली होती. तरुण उंदरांस चढउतार आवडते म्हणून त्यांचे पिंजरे उंच असतात. येथील पिंजरा बैठा, एकमजली. शिडीच्या जागीं उतरती फळी. खालीं लांकडाचा भुसा घालीत नाहींत, कारण त्याची धूळ छातीला बाधते. मऊ लोकरी कापड अंथरतात व तें रोजच्या रोज धुतात. पाण्याची बाटली तोंड न उचलतां पोंचेल इतक्या खालीं टांगलेली, आणि जवळच एक उथळ वाटी. भिंतीवर वहाण्यांच्या वहींसारखी एक जुनी वही टांगलेली. दर रविवारीं स्वयंपाकघरांतील लहान तराजूवर प्रत्येकाचें वजन करून तें तींत नोंदावयाचें. उंदीर हा दुखणें लपविणारा प्राणी आहे. डोळे अर्धवट मिटणें, केस पिंजारणें, पाठ कुबडी करून बसणें, एवढींच काय तीं त्याच्या वेदनेचीं लक्षणें. पुष्कळदां त्याच्याहि आधीं वहींतील आंकडाच सांगतो कीं, कांहीं तरी बिघडलें आहे.

शोण अडीच वर्षांचा होता. वृद्ध नरांत मागील पायांची शक्ति हळूहळू जाण्याचा विकार फार आढळतो. त्याचें मागचें अंग फरफटत असे. त्यास स्वतःचें अंग स्वच्छ करतां येत नसल्यामुळें रोज कोंबट पाण्यानें पुसून, कोरडें करून, तळव्यांस जखम झाली आहे काय तें पाहावें लागे. जेथें आमचा हात पोंचत नसे तेथें गोदा त्याच्या कानामागें चाटून देई. उंदीर एकटा ठेवूं नये, आजारी असला तरी त्याचा सोबती काढून घेऊं नये, हा तेथील पहिला नियम.

गोदेच्या पुढील पायामागें एक गांठ आली होती. उंदरिणीची स्तनग्रंथि मानेपासून मांड्यांपर्यंत पसरलेली असते, म्हणून अशी गांठ कोठेंहि उद्भवते. बहुतेक गांठी घातक जातीच्या नसतात, पण वाढत वाढत त्या प्राण्याचें चालणें बंद करतात. सुपारीएवढी असलेली गांठ आमच्यादेखत लिंबाएवढी झाली. पशुवैद्य बाईंनीं छाती तपासून सांगितलें कीं, शस्त्रक्रिया सोसेल. मात्र दुसरी गांठ येणार नाहीं अशी हमी नाहीं. उंदरास ओकारी होऊं शकत नाहीं, त्यामुळें माणसाप्रमाणें त्यास आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवावें लागत नाहीं, ही नवलाची गोष्ट आम्हांस तेथें कळली. सायंकाळीं गोदा घरीं परत आली ती शिवणीसह, आणि तासाभरांत केळ्याचा तुकडा दोन्ही हातांत धरून खाऊं लागली. पुढील आठ दिवस तिनें टांके कुरतडूं नयेत म्हणून घरांतील माणसांनीं पाळीपाळीनें पहारा केला.

खर्चाचा प्रश्न निघालाच. आश्रयस्थानांतून उंदीर नाममात्र देणगीवर मिळतो. त्याच्या शस्त्रक्रियेस शेंकडों पौंडांपर्यंत पडतात. एका शेजाऱ्यानें हसत म्हटलें कीं, इतक्या पैशांत वीस नवे उंदीर येतील. मुलगी चटकन् म्हणाली, "पण त्यांतली एकहि गोदा नसेल." या उत्तरापुढें त्रैराशिक चालत नाहीं.

भीमेचें दुखणें छातीचें. मायकोप्लाझ्मा नांवाचा एक सूक्ष्म जंतु बहुतेक सर्व पाळीव उंदरांच्या श्वासमार्गांत वास करून असतो. तारुण्यांत तो दबलेला राहतो, व वार्धक्यांत डोकें वर काढतो. तो समूळ जात नाहीं, औषधानें आवरतो मात्र. डोळ्यांतून व नाकांतून तांबडा स्राव येई. तें रक्त नसून डोळ्यामागील ग्रंथींतून पाझरणारें एक रंगद्रव्य असतें. सकाळ-संध्याकाळ भीमेस एका झांकणाच्या डब्यांत ठेवून यंत्रानें औषधाची वाफ देत. गोळीची पूड केळ्यांत कालवून बोटावर धरावी लागे. आमच्या घरांतून आरंभीं त्या खोलीचा उंबरठा ओलांडला गेला नव्हता. परंतु भीमा अन्न टाकूं लागली तेव्हां मऊ भाताची पेज करून, ती निववून, बिनसुईच्या पिचकारीनें थेंब थेंब पाजण्याचें काम त्यांनीं आपण होऊन अंगावर घेतलें. "गणपतीच्या पायाशीं असतो तेव्हां त्याला कोणी विचारीत नाहीं, येथें तरी विचारूं या," एवढेंच त्या म्हणाल्या. काम आटोपल्यावर प्रत्येकानें साबणानें हात धुवावयाचे, हा दुसरा नियम. उंदरापासून माणसास लागणारे रोग आहेत. आपल्याकडील पावसाळ्यांतील लेप्टोस्पायरोसिसचा ताप सर्वांस माहीत आहे. दया आणि स्वच्छता यांची फारकत करून चालत नाहीं.

या शुश्रूषेंतील एक प्रकार आमच्या विशेष लक्षांत राहिला. भाची कामावर जाण्यापूर्वीं भीमेस दोन्ही हातांत अलगद धरी व तिची कूस स्वतःच्या कानाशीं लावून, डोळे मिटून, अर्धा मिनिट उभी राही. आंत घरघर आहे काय, काल होती त्याहून अधिक कीं उणी, हें ती ऐके. संस्कृतांत 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे; 'श्रु' धातूचें तें इच्छार्थक रूप. शिष्यानें गुरूचें ऐकूं इच्छिणें, त्यावरून सेवा, व सेवेवरून रोग्याची देखभाल, असा त्या शब्दाचा प्रवास झाला. चाळीस वर्षें वर्गांत सांगितलेली ही व्युत्पत्ति आम्हीं डोळ्यांनीं पाहिली ती त्या माडीवर.

उंदीर बोलतोहि पुष्कळ, पण तें आपणांस ऐकूं येत नाहीं. माणसाचा कान सेकंदास सुमारें वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. गुदगुल्या केल्या असतां उंदीर पन्नास हजारांच्या आसपास हर्षध्वनि काढतो, असें याक पांक्सेप या शास्त्रज्ञानें दाखविलें. २०११ सालीं शिकागो येथील संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, नळींत कोंडलेल्या सोबत्याचें दार उंदरांनीं आपण होऊन उघडलें. चॉकोलेट समोर असतांहि पुष्कळांनीं प्रथम अगर नंतर त्यास सोडविलें व तो खाऊ त्याच्याशीं वांटून घेतला. पंचतंत्रांतील हिरण्यकानें पारव्यांचे पाश कुरतडले, ती कथा लहानपणीं वाचलेल्यांस याचें फारसें नवल वाटूं नये.

कृष्णेची गोष्ट मात्र सांगण्यास जड आहे. मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथींत तिला गांठ झाली होती. उंदरांच्या वार्धक्यांत हा रोग विरळा नाहीं. प्रथम तिची मान कलली; मग हातांत धरलेला घांस सुटूं लागला. औषधानें तीन आठवडे पुष्कळ उतार पडला. नंतर तेंहि थकलें. तेव्हां पशुवैद्य बाईंनीं, तिला आतां शांतपणें झोपवावें, असें सुचविलें. प्रथम वायूनें शुद्ध हरपवून मग सुई देतात. प्राण्यास वेदना होत नाहींत.

त्या रात्रीं घरांत कोणी नीट जेवलें नाहीं. यमाच्या हातचें काम माणसानें करावें काय, हा प्रश्न आपल्या घरांत वाढलेल्या माणसास सुटत नाहीं. १९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत तळमळणाऱ्या एका असाध्य रोगी वासरास गांधीजींनीं सुई देऊन मरण देवविलें आणि ती अहिंसाच होय असें लिहिलें, तेव्हां केवढा गहजब उडाला होता! त्याचबरोबर, १८३४ सालीं सर जमशेटजी जीजीभाई व शेट मोतीचंद अमीचंद यांनीं मुंबईंत उभारलेल्या पांजरपोळाची परंपराहि आपलीच. तेथें पंगु जनावर आयुष्य संपेपर्यंत पोसण्यांत धर्म मानला. दोन्ही बाजूंस करुणाच उभी असतांना निवाडा करण्यास आम्ही बसलों नाहीं. भाचीनें रात्रभर कृष्णेस मांडीवर घेतलें. पहांटे तिनें पाण्याचा थेंबहि गिळला नाहीं, तेव्हां निर्णय झाला. नंतर तो लहानसा देह कांहीं वेळ पिंजऱ्यांत ठेवला. शोण व गोदा यांनीं तो हुंगला, गोदेनें कान चाटला, आणि मग दोघेंहि आपल्या कोपऱ्यांत जाऊन बसलीं. सोबती कोठें गेला हें त्यांस कळावें म्हणून तसें करतात.

याच सुमारास, ज्या शब्दाची आम्हांस मनांतून भीति होती तो निघाला. भाचीची आई, म्हणजे आमची धाकटी बहीण, साताऱ्यास असते. तिलाहि छातीचा जुना विकार आहे. घरीं सूनबाई आहेत आणि दिवसा एक पगारी बाई येते. आमच्या घरांतून सहज उद्गार निघाला, "तिकडे आईची सेवा परकी बाई करते, आणि इकडे ही उंदरांची!" भाचीनें तें ऐकलें. ती रागावली नाहीं. म्हणाली, "मामी, खरें आहे. मी तेथें असावयास हवी होतें." यापुढें ती कांहींच बोलली नाहीं, आणि आम्हांसहि कांहीं बोलतां आलें नाहीं. परदेशीं गेलेल्या मुलांच्या प्रत्येक घरांत हें वाक्य कोठें ना कोठें दडलेलें असतें. त्यास उत्तर नाहीं.

परंतु आम्हीं पाहिलेलें तेवढें लिहिणें न्याय्य होय. रोज रात्रीं इकडच्या वेळेप्रमाणें पहांटेच भाचीचा फोन साताऱ्यास जाई. आई गांवच्या गोष्टी सांगूं लागली कीं, ती मध्येंच म्हणे, "आई, थोडी गप्प बस, मला ऐकूं दे." मग दोन्हीकडे शांतता पसरे, फोन कानाशीं घट्ट धरून, भीमेस धरतांना मिटते तसे डोळे मिटून, ती आईचा श्वास ऐके. एके रात्रीं तिनें भावास उठवून, आजच डॉक्टरांकडे ने, असें निक्षून सांगितलें. दम वाढल्याचें आईनें घरांत कोणास कळूं दिलें नव्हतें. दुखणें लपविणारे प्राणी केवळ पिंजऱ्यांतच असतात असें नाहीं.

ब्रिस्टलच्या रेडक्लिफ भागांत सेंट मेरी नांवाचें जुनें भव्य देवालय आहे. त्याच्या आवारांत एक लहानसा दगड असून, त्याखालीं १९१२ पासून १९२७ पर्यंत त्या देवालयांत राहिलेलें मांजर पुरलेलें आहे. मांजराची समाधि पाहण्यास लोक येतात. उंदराची कोणी बांधीत नाहीं. कृष्णेस परसांतील सफरचंदाच्या झाडाखालीं ठेवलें. वर खूण एवढीच कीं, मुलीनें तेथें तुळशीच्या जातीचें एक रोप लावलें आहे.

आम्ही परत आल्यावर शोणहि झोपेंतच गेल्याचें कळलें. गोदेस दुसरी गांठ आलेली नाहीं. भीमा अजून आहे, आणि तिच्या सोबतीस आश्रयस्थानांतून आणखी एक म्हातारी उंदरीण आली आहे. तिच्यासाठीं नदीचें नांव पाहिजे, असें मुलीनें लिहिलें आहे. आम्हीं 'नीरा' सुचविलें. ती भीमेलाच जाऊन मिळते.